मोगऱ्याची उदबत्ती

ठाकूरद्वार, मुंबई
९ ऑक्टोबर २०२५

प्रिय नलू,
दादाचे आशीर्वाद.

तुझ्या नातीच्या, नूपुरच्या हाती पाठवलेली भाजणी आणि चिठ्ठी, दोन्ही मिळाली. धणे जरा पुढे आलेत, पण खमंग आहे. माझं बरं चाललंय. दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून शाळेतल्या कविता म्हणत बसतो. काल एका भुजंगप्रयाताची तिसरी ओळ काही केल्या आठवेना. तू चालीसकट सांगितली असतीस. प्रार्थनेनंतर बाई तुला पुढे उभं करायच्या आणि सगळी शाळा तुझ्यामागून म्हणायची.

चिठ्ठीत तुझ्या दोनच ओळी. 'रघुच्या कागदावर सही करू नकोस. माझा कान आठव.'

त्याबद्दलच लिहायला बसलो होतो आणि भाजणीत रमलो.

वाडीच्या तोंडाशी रघुच्या वडिलांचा फटाक्यांचा स्टॉल लागायचा. लवंगीच्या लाल माळा, नागगोळ्यांच्या चपट्या डब्या, लक्ष्मीचं चित्र असलेले बार. बिडी ओढायला ते पलीकडच्या वाडीत जायचे. तेवढाच त्यांचा कायदा. आता रघुला पोलिसांचा परवाना लागतो, वाळूच्या बादल्या लागतात, खोक्यावर हिरवा शिक्का लागतो. आवाज चार मीटरवरून यंत्राने मोजतात. वाजवायला रात्री आठ ते दहा. शिवाय स्टॉलच्या वर राहणाऱ्यांची ना-हरकत हवी, आणि वाडीच्या तोंडावर राहतो तो मी.

इतकी वर्षं मी सही दिली नाही. 'आमच्या नलूचा कान गेलाय तुझ्यापायी,' एवढं म्हटलं की रघु मान खाली घालून जायचा आणि देवळाजवळच्या नाक्यावर स्टॉल लावायचा. यंदा पोलिसांनी तो नाका बंद केलाय. मी सही दिली नाही तर त्याचं दुकान संपलं.

मंगळवारी तो आला. माझ्याच वयाचा, एकाहत्तर. खोकं उघडून दाखवलं, हे हिरवे, आवाज कमी. मी नेहमीचं वाक्य बोललो. त्याने कागदाची घडी घातली, उठला, आणि दारात थांबून म्हणाला,

"जयवंता, ती उदबत्ती मोगऱ्याची होती. आमच्याकडे धूप लावायचे."

नलू, आता हे सरळ लिहितो.

त्या नरकचतुर्दशीला वाडीतला पहिला आवाज माझा व्हायला हवा होता, आणि पकडलंही जायचं नव्हतं. तेव्हा आम्हा पोरांची एक युक्ती होती. सुतळी बॉम्बची वात उदबत्तीच्या मध्यावर बांधायची आणि उदबत्तीचं टोक पेटवून निघून जायचं. ती जळत वातीपर्यंत येते तोवर आपण भलतीकडे. मी आपल्या देवघरातली मोगऱ्याची उदबत्ती घेतली, जिन्याच्या कोपऱ्यात बॉम्ब ठेवला, आवाज घुमावा म्हणून वर तुपाचा रिकामा डबा पालथा घातला, खाली फटीसाठी खडा सरकवला. आणि शहाण्यासारखा मोरीत उटणं लावून घ्यायला बसलो.

तू रांगोळी काढायला नेमकी त्याच कोपऱ्यात बसलीस. रघु वडिलांसाठी फटाक्यांचं पुडकं घेऊन जिना चढत होता. बॉम्ब उडाला तेव्हा पुडकं त्याच्या हातात होतं, म्हणून तो. फटाकेवाल्याचा पोर. वडिलांनी त्याला सगळ्या वाडीसमोर पट्ट्याने मारलं, ते मी ओल्या अंगाने गॅलरीतून पाहिलं.

मंगळवारी मी त्याला विचारलं, "तेव्हा का नाही बोललास?"

"बोललो होतो. उदबत्तीचं थोटूक घेऊन तुझ्या आईकडेच गेलो. ती म्हणाली, माझा पोरगा मोरीत होता, अंगाला उटणं होतं त्याच्या."

रघुला एवढंच ठाऊक आहे. पुढचं कोणालाच ठाऊक नाही.

मोरीतून मला तुझा आवाज आला. तू कविता म्हणत जिन्याकडे चालली होतीस. आवाज कोपऱ्याशी थांबला, म्हणजे तू खाली बसलीस, हे मला कळलं. मला ओरडता आलं असतं. एक हाक. आई पाठ चोळत होती, तिला कळलं असतं, म्हणून मी गप्प बसलो. तू दुसरं कडवं सुरू केलंस आणि ते पुरं झालं नाही.

त्यानंतर उजव्या कानात सतत शिट्टी वाजते म्हणून तू गाणं सोडलंस. बाई दोनदा घरी येऊन गेल्या. दोन्ही वेळा दार मी उघडलं होतं.

एका भाऊबीजेला भोईवाड्यात तुझ्या घरी मी मुद्दाम तुझ्या उजव्या बाजूला बसून हे सगळं हळू आवाजात बोललो होतो. तू मटार सोलत होतीस. शेवटी मान वर करून म्हणालीस, "काय रे दादा, चहा हवाय?" मी हो म्हटलं. तो चहा मी प्यायलो.

रघुच्या कागदावर मी सही केली आहे. तुझी चिठ्ठी वाचून केली, हेही लपवत नाही. त्याच्या स्टॉलवर जा असं मी म्हणत नाही. पण आज जो राग त्याच्या नावावर आहे, तो तिथून काढ.

यंदा भाऊबीजेला मी आपण होऊन येणार नाही. पाट मांडावासा वाटला तर नूपुरकडून निरोप पाठव. आलो तर तुझ्या डाव्या बाजूला बसेन आणि हेच सगळं पुन्हा तोंडाने सांगेन.

वर सवयीने दादा लिहून गेलो. खाली नुसतं नाव लिहितो. पुढचं तू ठरव.

जयवंत