याला सोमल चालू आहे

९ जून
सोमल! डॉक्टरबाई अगदी सहज म्हणाल्या — ब्लड कॅन्सर आहे, पण यातला बरा होणारा प्रकार, शिरेतून सोमल द्यायचा. 'उंदीर मारायचा तोच?' मी विचारलं. 'तोच. मोजून दिला की औषध.' यावर नवरा त्यांनाच मोजायचं कसं ते समजावायला लागला. जिवावर बेतलंय, तरी अक्कल शिकवणं सुटत नाही.

याच आठवड्यात याला सांगणार होते — मी चालले. मैत्रिणीनं तिच्याकडे काम बघून ठेवलंय, खोलीसुद्धा. आता आजारी नवऱ्याला टाकून गेले तर लोक तोंडात शेण घालतील. लोकांचं सोडा, मलाच जमणार नाही. त्याचाच जास्त राग येतोय.

१४ जून
दाखल करून घेतलं. रोज आधी ईसीजी, मग दोन तास सलाईन. हा नर्सला सांगतो, 'सावकाश सोडा, पुढे वळण आहे.' ती हसते. मी कशाला हसू? याचा धंदा गाडी शिकवायचा. शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक. घरातही तेच. मी तोंड उघडलं की याने ब्रेक दाबलाच.

२ जुलै
नणंद येऊन गेली. 'वहिनी, तू म्हणून करतेस गं. दुसरी कधीच पळाली असती.' मी चहा ढवळत राहिले.

१९ जुलै
डॉक्टरबाईंनी आज समजावलं — त्या खराब पेशी वाढच खुंटलेल्या असतात. हे औषध त्यांना मोठं करतं, आणि मोठ्या झाल्या की त्या आपोआप मरतात. सगळा नवराच या औषधाने मोठा झाला असता तर किती बरं!

रक्त सुधारलं, घरी सोडलं. आता सलाईनपुरतं दवाखान्यात जायचं, सोबत चालू असलेल्या कॅप्सूल घरी घ्यायच्या; त्यांनी ओठ फुटतात, डोकं दुखतं. एकही चुकवायची नाही, दोन्ही मिळूनच काम करतात, असं दोनदा बजावलं. मैत्रिणीला फोन केला. म्हटलं, 'हा पुरता बरा झाला की त्याच दिवशी निघते.' याला बरं करणारच मी. इतक्या ईर्ष्येनं जन्मात काही केलं नव्हतं.

४ ऑगस्ट
भातात मीठ कमी म्हणाला. तब्येत सुधारतेय!

११ ऑगस्ट
नर्सनं मला बाजूला घेतलं. 'काकांचे ओठ फुटायचे थांबले. डोकंही दुखत नाही म्हणतात. कॅप्सूल घेतात ना?' अहो, मी स्वतः हातावर ठेवते, पाणी देते! मग हा 'गाडी पुसून येतो' म्हणत खाली जातो.

घरी येऊन गाडी उघडली. समोरच्या खणात रुमाल. रुमालात कॅप्सूल, थुंकीनं एकमेकींना चिकटलेल्या. गालात धरून खाली नेत होता.

रुमाल याच्यापुढे आपटला. 'मरायचंय तुला?'
'नाही.'
'मग?'
'फोनवर ऐकलं मी. बरा झालो की तू जाणार. म्हटलं, थोडा आजारी राहतो.'

थोडा आजारी! असा रोग, आणि हा थोडा आजारी राहणार! गळा दाबावासा वाटला. पण मी तिथेच जमिनीवर बसले.

१२ ऑगस्ट
डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी याला धारेवर धरलं. पुन्हा तपासण्या, पुन्हा कॅप्सूल, उद्यापासूनच. हा मान खाली घालून ऐकत होता. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून पुन्हा संताप आला.

१३ ऑगस्ट
सकाळी कॅप्सूल हातावर ठेवली. 'मी कुठे जात नाही. घे,' म्हटलं. खोटं बोलले. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. त्याला कळलं. तरी गिळली.