येऊरचा उतार

१५ नोव्हेंबर १९९३, भाऊबीज
मेहुणा शिवराम मस्कतहून आलाय. मंदाकिनीला ओवाळणीत सायकल घातली. साधी नाही, गियरची. जाड टायर, सरळ हँडल, खास डोंगरात चालवायची. बायकोला सायकल कशाला, पण शिवरामची हौस. चालवणार अर्थात मीच. तो म्हणाला, "भावोजी, बाहेर लोक असल्या सायकली घेऊन डोंगरावरून सुसाट खाली येतात." मी म्हटलं, त्यात काय, आपल्याला येऊरचा डोंगर आहे की. नॅशनल पार्क हाकेच्या अंतरावर. हे मी का बोललो कळत नाही. मंदाकिनीने माझ्याकडे उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तसं बघितलं.

१६ नोव्हेंबर
ऑफिसात जाहीर करून टाकलं. डिसेंबरात येऊरच्या पायवाटांवर सायकल मोहीम, डोंगराच्या धारेवरून पलीकडे, जंगलाच्या पोटातून. साहेबांच्याही कानावर गेलं. कोणी मनावर घेईल असं वाटलं नव्हतं. टिटवाळ्याचा कुंडलिक, आमच्या शेजारच्या टेबलाचा, म्हणाला, मीही येतो. त्याच्याकडे कॅरिअरवाली काळी सायकल, आणि देह दोन माणसांचा. डोंगर म्हणजे पोरखेळ नाही, असं समजावलं. "तू आहेस ना," म्हणाला.

२१ नोव्हेंबर, रविवार पहाट
सराव. गावदेवी मैदानाला फेऱ्या. मैदान सपाट आहे असं सगळे म्हणतात. एका बाजूला उतार आहे, कोणाच्या लक्षात आलेला नाही. तिथे उतरून चाललो. त्यात तंत्र असतं. गियर बदलला की कडकड होतं आणि दचकायला होतं. सवय होईल.

२४ नोव्हेंबर
पेपरात बातमी. येऊरला बिबट्याने कुत्रं नेलं. आतल्या पानावर, कोपऱ्यात. संपादकांना कशाचं गांभीर्यच नाही. पुन्हापुन्हा वाचली. मंदाकिनीने विचारलं, तेव्हा क्रिकेट वाचतोय म्हणून सांगितलं. बिबट्या मागून येतो म्हणे, थेट मानेवर. मफलर घ्यावा. उद्यापासून जोर-बैठका.

२८ नोव्हेंबर, रविवार
सराव रद्द. गुडघा दुखतोय. कोणता ते अजून नक्की नाही. जोर-बैठका गुडघा ठरल्यावर.

४ डिसेंबर
कुंडलिकला सहज म्हटलं, मालनवहिनींना काळजी वाटत असेल, त्यांचा जीव टांगणीला लावून जाणं बरं नव्हे. तर म्हणाला, ती आपल्यासाठी थालीपिठं करून देतेय. आजकाल बायकांना नवऱ्यांची काळजी राहिलेली नाही.
दुपारी डुलकी लागली, तर स्वप्नात उतार. नुसता उतार, खाली काही नाही. ओरडत उठलो. शिवराम हसला. ह्या माणसाची रजा संपत कशी नाही?

११ डिसेंबर, शनिवार
अंगात कणकण आहे. थर्मामीटर बिघडलाय, नॉर्मल दाखवतो. मंदाकिनी म्हणाली, "जायचं नसेल तर सरळ नाही म्हणा. कुंडलिकभावोजी काही खाणार नाहीत तुम्हाला."
कुंडलिक खाईल अशी भीती कोणाला आहे?

१२ डिसेंबर, रविवार, संध्याकाळ
घरी आहे. जमेल तसं लिहितो.
सकाळी जंगलखात्याच्या चौकीवर नावं देऊन आत गेलो. पाटोणपाड्यापर्यंत रस्ता, पुढे पायवाट. चढ मी सायकल हातात धरून चढलो. यंत्रालाही विश्रांती लागते. धारेवर पोचल्यावर लांब खाली तळं चमकत होतं. कुंडलिक म्हणाला, "काय दिसतंय रे!" मी बघितलं नाही. मी झाडी बघत होतो.
मग उतार. दगड, मुळं, वाळका पाला, आणि उजव्या हाताला घळ. मी पुढे राहिलो, कारण मोहिमेचा प्रमुख पुढे असतो. शिवाय बिबट्या मागच्याला धरतो.
एका वळणाआधी करवंदीच्या जाळीत खसफस झाली. मी प्रसंगावधान राखून दोन्ही ब्रेक मारले. कुंडलिकने अंतर राखलेलं नव्हतं. त्याच्या सायकलचे ब्रेक तसेही शोभेचेच. मला चुकवायला त्याने हँडल वळवलं आणि घळीत गेला. आधी सायकल, मग तो. तो आवाज कानातून जात नाहीये.
नंतर सगळं गप्प. मी आधी जाळीकडे बघितलं, मग घळीकडे. शेवटी खालून तोच बोलला, "महिपत, पाय गेला रे."
बसून घसरत खाली गेलो. पाय गुडघ्याखाली नको तिकडे वळलेला. तोंड चुन्यासारखं पांढरं. म्हणाला, "खालच्या पाड्यावर जा, माणसं घेऊन ये. मी बसतो इथे." बरोबर होतं त्याचं. मी निघालो. वळणापर्यंत गेलो. वळणाच्या पुढे झाडांखाली अंधारून आलेलं, पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. आणि मी एकटा. परत आलो.
"काय रे?" कुंडलिक म्हणाला.
मी म्हटलं, मित्राला जंगलात टाकून जाणाऱ्यातला मी नाही.
त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आधीपासून होतं.
पायाला काठी लावून मफलरने घट्ट बांधलं. तो ओरडला तसा मीही ओरडलो. बगलेत हात घालून वर ओढला. कसा, ते देवाला ठाऊक. गियरच्या सायकलवर बसवला, एका हाताने हँडल धरलं, दुसऱ्याने त्याची पाठ, आणि चालायला लागलो. सायकल खाली पळायला बघायची, मी ब्रेक आवळून टाचा रोवायचो. प्रत्येक दगडाला कुंडलिक कण्हायचा आणि मला वाटायचं मागून आलाच. मागे बघायची हिंमत नव्हती. मोठमोठ्याने पाढे म्हणायला लागलो, कुंडलिकला धीर यावा म्हणून. एकोणतीसच्या पाढ्यात अडकलो. त्याने कण्हत कण्हत पुढचं सांगितलं. मग दोघेही म्हणत राहिलो.
पाड्याचं पहिलं घर दिसलं तिथे मी खालीच बसलो. शेवंती नावाच्या बाई पाणी घेऊन धावत आल्या. "एकल्यानं आनलास ह्याला? हाक मारली असतीस तं पोरं आली असती वर." मी म्हटलं, वेळ नव्हता. माणसं जमली, रिक्षा मिळाली. नौपाड्यात हाडाच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. म्हणाले, हलवायला नको होता, पण पाय वाचला.
मंदाकिनीने आल्यावर गरम पाणी काढून दिलं.

१३ डिसेंबर
ऑफिसात हार. साहेब म्हणाले, अशी मैत्री आता बघायला मिळत नाही. मी मान खाली घातली. मान दुखतच होती. ब्रेकचा विषय निघाला नाही. शिवराम आज मस्कतला गेला. जाताना पाया पडला.

१९ डिसेंबर, रविवार
कुंडलिकला बघायला टिटवाळ्याला गेलो. मालनवहिनी रडल्या. "भावोजी, तुम्ही होतात म्हणून. दुसरा कोणी असता तर पळाला असता." कुंडलिक डोळे मिटून पडलेला. झोपलेला नव्हता. मला वाटतं त्याला सगळं आठवतंय. पुढच्या रविवारी येतो म्हणालो.

२६ डिसेंबर, रविवार
गेलो नाही. गुडघा. डावा ठरला.

१६ जानेवारी १९९४, रविवार
सायकलला गॅलरीत चादर घातली. धूळ बसते. मंदाकिनी म्हणाली, सायकल माझी आहे, मी शिकणार आहे. म्हटलं शिक, पण सपाटीवर. डोंगराचं बघायला मी आहे.

३० जानेवारी, रविवार
बेल वाजली. दारात कुंडलिक, काठी टेकत, पण चालत. दोन जिने चढून आलेला. बसला. मंदाकिनी चहा टाकायला आत गेली, तसा हळूच म्हणाला, "जाळीत माकड होतं. मी बघितलेलं."
मी म्हटलं, माकड एवढं जबाबदारीने हलत नाही.
"ब्रेक तू घाबरून मारलास. वळणावरून परतही घाबरूनच आलास. मला तेव्हाच कळलं."
मी पंख्याकडे बघत राहिलो. पंखा बंद होता.
"तू गेला असतास ना," तो म्हणाला, "तर माणसं येईपर्यंत मी भीतीनेच मेलो असतो. जा म्हणालो खरा, पण मनात म्हणत होतो, जाऊ नको, जाऊ नको. तू आलास परत."
चहा आला, ते बरं झालं.
कप खाली ठेवून कुंडलिक म्हणाला, "राहिलेली वाट पुरी करू. पाय बरा झाला की. तू असलास की मला भीती नाही वाटत रे."
मी म्हटलं, नक्की. त्याचा हातही दाबला. मग जरा आलोच म्हणून उठलो, बाथरूममध्ये गेलो, कडी लावली आणि नळ सोडून बसलो. नेमका किती वेळ ते सांगता येणार नाही. बादली भरून वाहायला लागली.
शेवटी बाहेरून मंदाकिनी म्हणाली, "गेले ते. या आता बाहेर."