दुधीची फोड

तेर

प्रिय देवश्री,

"प्रेमला, तुझ्या जिभंला कडू कळतच न्हाय, लई नशिबाची हाईस," असं तुझी आजी म्हणायची. मी कारलं मीठ न लावता करायची आणि घरातले सगळे तोंडं वाकडी करत उठायचे, तेव्हा. मला ते कौतुकच वाटायचं.

गेल्या वर्षी तू पुण्याहून ते बोराएवढे कोबी आणलेस, ब्रसेल्स स्प्राउट्स. तुझ्या यज्ञेशरावांनी एक चावला आणि म्हणाले, "हे पैसे देऊन आणलंय?" तुझंही तोंड कडवटलं. मी मात्र पातेलं पुसून खाल्लं. किती हसलो होतो आपण.

परवा डोहाळजेवणानंतर उलट्यांनी बेजार झालेल्या तुला धाराशिवच्या दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा मी डॉक्टरांना माझ्या जिभेबद्दल विचारलं. काही जिभांना काही कडू चवी लागतच नाहीत, जन्मापासून. म्हणून एक जण आवडीनं खातो ते दुसरा थुंकतो, असं ते म्हणाले. त्यात लाजायचं काय, असंही म्हणाले. दुधी शिजवण्याआधी फोड चाखायची, कडू निघाला तर तो विषारी, टाकून द्यायचा, हे आपल्याकडं पोरीसोरींनाही ठाऊक असतं. डोहाळजेवणाच्या दिवशी दुधी चिरताना शेजारच्या रुद्रम्मानं विचारलं होतं, "वहिनी, मी बघू का चाखून?" तुझ्या सासूबाई समोर बसलेल्या. मला कमीपणा वाटला. मीच फोड तोंडात टाकली, गोड आहे म्हणाले आणि हरभऱ्याची डाळ घालून भाजी केली.

पहिलाच घास सासूबाईंनी बाहेर काढला. "अवं इहीणबाई, जीभ गहाण टाकली व्हय?" बायका हसल्या. एकेकीनं भाजी बाजूला सारली. तू तेवढी खाली मान घालून जेवत होतीस. तुझी जीभ माझ्यावर गेली म्हणून मला केवढं बरं वाटलं! पुण्याच्या कोबीनं झालेलं तुझं तोंड मी विसरलेच, आणि कडू दुधी विषारी हेही.

पोटातलं बाळ सुखरूप आहे, हे कळवायला काल यज्ञेशरावांचा फोन आला. बोलता बोलता म्हणाले, तू त्यांना सांगितलंस, "कडूजहर होती. पण मीही टाकली असती तर आईनं कुठं बघायचं?" तेव्हापासून घास उतरत नाही. फोनवर हे बोलता येईना, म्हणून लिहिते. सासूबाई नको म्हणत असताना बाळंतपणाला तू इकडंच येणार म्हणतेस. ये. चव रुद्रम्मा बघेल. पण पुन्हा कधी माझ्या हातचं कडू निघालं, तर चारचौघांत ताट सरकव. माझी लाज राखू नकोस. एवढं ऐक. ऐकणार नाहीस, ठाऊक आहे, तरी मागते.

तुझीच,
आई