दारातला रांजण

३ एप्रिल २०१६, रविवार

आज परत रांजणावरून भांडण. टँकर शुक्रवारी येणार होता, तो आज आला. घरामागे एक टाकी, दोनशे लिटर. आम्ही चार माणसं, अन् पुढचा टँकर कधी ते ड्रायव्हरलाही माहीत नाही. त्यातल्या दोन घागरी आत्याबाईंनी उचलल्या आणि नेऊन दारातल्या रांजणात ओतल्या! रोजच्या दोन घागरी म्हणजे तीन-चार दिवसांत जवळजवळ अर्धी टाकी रस्त्याला.

सासू आहे म्हणून माणसानं किती गप्प बसायचं? मी म्हटलं, "आत्याबाई, घरात प्यायला नाही अन् येणाऱ्या-जाणाऱ्याला कशाला?" त्या रांजणावरचा तांब्या पदरानं पुसत होत्या. "येणाऱ्या-जाणाऱ्यालाबी घसा असतोय," म्हणाल्या. झालं. 

आमचं घर रस्त्याला पहिलंच. चारा छावणीला जाणारे, फाट्यावर उतरणारे, ऊसतोडीहून परत येणारे — सगळ्यांना आमचाच रांजण दिसतो.

५ एप्रिल

माझ्या अंगणवाडीत सोळा लेकरं आली. खिचडीला पाणी घरूनच नेलं. सोळा लेकरांना उपाशी पाठवायचं का? पण हे घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आत्याबाई म्हणाल्या असत्या, "मग तू काय वेगळं करतीस?"

८ एप्रिल

उत्पलाचे डोळे पिवळे. कावीळ. नऊ वर्षांचं माझं लेकरू, दोन दिवसांत एवढंसं तोंड झालं. डॉक्टर म्हणाले, उकळलेलं पाणी द्या, भरपूर द्या. भरपूर हा शब्द ऐकून मला हसूच आलं. ते म्हणाले, काय झालं ताई? म्हटलं, काही नाही.

रात्री झोप येईना तर पोरगी आजीला म्हणे, रांजणाची गोष्ट सांग. आत्याबाईंनी सांगितली, शंभराव्यांदा. मामा, म्हणजे माझे सासरे, आठ वर्षांचे असताना दूध सोसायटीच्या चेअरमनच्या, सर्जेरावाच्या आज्याच्या विहिरीवर उभे होते. आपल्या माणसांनी पोहरा टाकायचा नाही, लांब ओंजळ धरून उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून धार धरणार. चैत्राचं ऊन. त्या दिवशी कुणालाच आली नाही. दिवस मावळेपर्यंत ते ओंजळ धरून उभे. पुढं दीक्षा घेतली, देव्हारा उचलला, अन् पहिलं काम काय केलं तर रांजण आणून दारात रोवला. वर तांब्या. "कुणी मागायचं न्हाई. कुणी वरून ओतायचं न्हाई. ज्यानं त्यानं आपल्या हातानं घ्यायचं." मामा जाऊन अकरा वर्षं झाली. आत्याबाई म्हणतात, त्यांचा धम्म म्हणजे ह्यो रांजण, दुसरं त्यास्नी वाचाय कुठं येत होतं?

लग्न होऊन आले तेव्हा ही गोष्ट ऐकून मी रडले होते. आज ऐकताना माझं लक्ष चुलीवरच्या पातेल्यात होतं.

११ एप्रिल

हे दूध सोसायटीत आहेत, संकलनावर. सहाशे लिटर दूध यायचं तिथं सत्तर येतंय. पण सोसायटीच्या बोअरला अजून पाणी आहे. यांनी चेअरमनला, सर्जेरावाला विचारलं — पोरगी आजारी आहे, रोज दोन कॅन द्या. चार माणसांत सर्जेराव काय म्हणाला? "बंकट, तुमच्या दारात रांजण भरून वाहतोय अन् पाणी सोसायटीला मागतो व्हय बे? आधी त्यो बंद कर. मग बघू."

हे खाली मान घालून आले. मी मात्र बोलले. अरे, तुझ्या आज्याच्या विहिरीवर आमचा माणूस दिवसभर उभा होता, तू कोण आम्हाला शिकवणारा! असं सगळं बोलले. तव्यापुढं. दुसरं कोण होतं ऐकायला?

आता खरं लिहिते, इथं कोण वाचतंय. सर्जेरावाचं म्हणणं मला पटलं. त्याचाच राग जास्त आला.

१४ एप्रिल

जयंती. सव्वाशेवी. मिरवणूक आमच्या दारावरनं गेली, निळे फेटे, पोरं घामानं निथळत होती. आत्याबाईंनी घरात भरून ठेवलेली घागरही रांजणात ओतली. उत्पलाचं भाषण होतं, पाठ केलेलं. तिनं ते गोधडीत पडून भिंतीला म्हणून दाखवलं. मध्येच विसरली, तर आजीनं बाहेरून पुढची ओळ सांगितली. म्हातारीला लिहिता-वाचता येत नाही, पण नातीचं भाषण पाठ आहे.

१७ एप्रिल

टँकर नाही. पाचवा दिवस.

उत्पलाला सकाळपासून उलट्या. उकळलेलं पाणी संपलं. शेजारच्या सरस्वतीबाईकडं गेले, तिनं अर्धा तांब्या दिला, तोही तिच्या नवऱ्याची नजर चुकवून. तिचं काय चुकलं? आत्याबाई म्हणाल्या, "रांजणात हाय की. त्यातलं घे. त्यो काय परक्याचाच हाय का?" म्हणून मी आत जाऊन पातेलं घासलं, चूल पेटवली. बाहेर येते तर ट्रॅक्टर थांबलेला. ऊसतोडीची माणसं, बिऱ्हाडासकट, पंधरा तरी असतील. रांजण तळाला गेला होता. एक बाई तळातलं खरवडून लेकराला पाजत होती.

मी रिकामं पातेलं घेऊन उभी. आत्याबाई त्या बाईला म्हणतात, "सावकाश पाज, ठसका लागंल."

माझ्या लेकराला कोण पाजणार?

१९ एप्रिल

फोडला. मी.

दुपारी आत्याबाई विहारात गेल्या होत्या, हे सोसायटीत. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. वरवंटा घेतला आणि खालच्या अंगाला घातला. पहिल्यांदा नुसता आवाज झाला. दुसऱ्यांदा घातला. कालच्या टँकरचं तांब्याभर पाणी तळात उरलं होतं, ते पायावर आलं. गार होतं.

मग वरवंटा धुतला — हो, धुतला, त्याला पाणी होतं माझ्याकडं! — जागेवर ठेवला, भाकरी थापायला बसले. आत्याबाई आल्या. म्हटलं, मोकाट गोऱ्हा आला होता, पाण्याच्या वासानं शिंग घातलं. लोकांनी जनावरं सोडून दिलीत, हिंडतायत गावभर, त्यामुळं खोटं वाटण्यासारखं नव्हतं.

त्यांनी दारात वाकून खापऱ्या गोळा केल्या. मग म्हणाल्या, "तहानलं असंल बिचारं." बस्स. शिव्या दिल्या असत्या गोऱ्ह्याला तर बरं वाटलं असतं.

२१ एप्रिल

सोसायटीचे दोन कॅन आले. सर्जेरावानं निरोप दिला म्हणे, "आता कसं शहाण्यासारखं झालं." उत्पला दोन पेले पाणी प्यायली, उलटी झाली नाही.

मी बरोबरच केलं. शंभरदा म्हणते, बरोबर केलं.

२४ एप्रिल

आत्याबाईंनी यांना नवा रांजण आणायला सांगितला. हे केजला जाऊन आले. कुंभार म्हणतो, माती भिजवायला पाणी कुठंय, औंदा भांडी भाजायचा आवाच लावला नाही. मला सुटल्यासारखं झालं.

२६ एप्रिल

सुटल्यासारखं कसलं! आज सकाळी आत्याबाई कळशी डोक्यावर, तांब्या हातात घेऊन निघाल्या. कुठं? तर फाट्यावर. तिथल्या लिंबाखाली जाऊन बसल्या. दुपारी एकला मी पळत गेले. सावली म्हणजे चार फांद्यांची, पाला शेळ्यांनी ओरबाडलेला. त्रेचाळीसचं ऊन. सत्तरीची म्हातारी पाय दुमडून बसलीय.

म्हटलं, "चला घरी. दारात ठेवा हवं तर घागर, मी काही म्हणत नाही."

"दारात कावून ठेवू? त्या सर्जेरावानं बघितलं तर लेकराचं पाणी तोडील. हितं कुणाचं काय जातंय?"

मी कळशीत वाकून बघितलं. मग विचारलं, "ही कळशी कुठून आणली? टाकी तर होती तेवढीच आहे."

"माझ्या वाटणीचं हाय."

म्हणजे त्यांच्या पिण्याचं, अंघोळीचं, सगळं. चार माणसांतला आपला वाटा त्यांनी बाजूला काढून ठेवला होता.

३० एप्रिल

रोज जातात. यांनी समजावलं, हात जोडले. "आई, तू पडशील." त्या म्हणतात, "पडले तर उचल."

आज भाकरी द्यायला गेले होते. एक बाई आली आणि सवयीनं ओंजळ पुढं केली. आत्याबाईंनी तिचा हात खाली केला, कळशीत तांब्या बुडवायला लावला. म्हणाल्या, "ओंजळ नगं बाई. तुझ्या हातानं घे." बाईला काही कळलं नाही. ती घटाघटा प्यायली अन् गेली. मी लिंबाकडं तोंड करून उभी राहिले.

४ मे

उत्पलाचे डोळे पांढरे झाले. डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. पोरगी म्हणते, मी आजीबरोबर फाट्यावर जाणार. एक चापट दिली तिला. कारण नसताना.

संध्याकाळी वंदना घेताना बुद्धाच्या तसबिरीपुढं सगळे बसलो. पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं बोलणार नाही म्हणतो तिथं, मी ओळ गाळली. उत्पलानं माझ्याकडं बघितलं. आत्याबाईंनी बघितलं नाही. त्या जरा मोठ्यानं म्हणत राहिल्या.

९ मे

पडल्या.

चाऱ्याच्या टेम्पोवाल्यानं आणून सोडलं. अंग तव्यासारखं, जीभ कोरडी, मला ओळखेनात. सरकारी दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरीण माझ्यावरच ओरडली, "म्हाताऱ्या माणसाला पाणी देत नाही का घरात?" मी ऐकून घेतलं. काय सांगणार? की आमच्या घरात पाणी आहे, अन् ते मीच आणलंय?

म्हातारी मेली तर ती उन्हानं मेली असं सगळं गाव म्हणेल. मला तेवढं माहीत आहे की मी मारली.

१३ मे

घरी आणलं. बोलतात, थोडं चालतात. हे त्यांच्या उशाशी बसून आहेत. मी सांगेन म्हणते आणि चुलीपाशी जाते. सांगितलं तर हे माझं तोंड बघणार नाहीत. मामांच्या हातचा रांजण होता तो. पन्नास वर्षांच्या वर दारात होता असं मी धरून चाललेय. तो माझ्या हातानं गेला.

१६ मे

आत्याबाई म्हणतात, पौर्णिमा झाली की फाट्यावर जाणार. कळशी घासून ठेवायला सांगितली मला.

मी घासली. आणखी काय करू?

२० मे

उद्या पौर्णिमा. परवा त्या जाणार, अन् या खेपेला टेम्पोवाला वेळेवर येईलच असं नाही. दुपारी हे सोसायटीत, उत्पला झोपलेली. मी आत्याबाईंचे पाय चेपत होते. पाय चेपता चेपताच सांगून टाकलं. गोऱ्हा आला नव्हता. वरवंट्यानं फोडला. दोन घाव घातले. तुम्हाला काय करायचं ते करा, यांना सांगा, मला माहेरी पाठवा, पण त्या उन्हात जाऊ नका. तुमच्या जागी मी जाऊन बसते.

त्यांनी पाय ओढून घेतले. भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. जेवल्या नाहीत. मीही नाही.

२१ मे, बुद्धपौर्णिमा

सकाळी आत्याबाईंनी हाक मारली. म्हणाल्या, बस. बसले.

"मला त्याच दिशी कळलंतं. एवढ्या दुष्काळात वरवंटा धुतलेला व्हता."

मग बोलला का नाहीत, म्हटलं.

"काय बोलायचं? म्या बी फोडलता की. बाहत्तरच्या दुष्काळात. बंकट अंगावर पीत व्हता अन् मला दूध न्हाई. कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, मागल्या अंगानं घातला. तुझ्या मामाला सांगितलं, कुत्र्यानं पाडला."

"मामा काय म्हणाले?"

"कायबी न्हाई. दुसऱ्या दिशी आपल्या वाटणीची कळशी घेतली अन् फाट्यावर जाऊन बसले."