चौथ्याची हवा

भार्गवी मॅडम, आधी फक्त जे घडलं ते लिहिते.

१. सोमवारी, ३ नोव्हेंबरला आम्ही तिघं कक्षात आलो: डॉ. ऋषी, अर्पिता आणि मी, जान्हवी. दार तुम्हीच बाहेरून लावलंत.
२. हवेचा साठा तिघांपुरता भरला होता.
३. तो चौघांच्या वेगाने संपतो आहे.
४. गळती नाही.
५. दार लवकर उघडावं म्हणून आम्ही दोनदा मत दिलं. दोन्ही वेळा आतूनच एक नकार गेला. तो आमच्यापैकी कोणाचाही नव्हता.

पुढे माझ्या रोजनिशीची पानं आहेत. त्यात काही बदललेलं नाही.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

सकाळी जालन्यात उतरले. नवीन जालन्यात स्टेशनजवळच खोली मिळाली आहे. खाली बियाणे कंपनीचं ऑफिस आहे आणि त्यामागे भज्यांची गाडी. भजी उत्तम होती. पुण्यातली नोकरी सोडून इथे आल्याचा पहिल्या दिवशी तरी पस्तावा नाही.

कक्ष देऊळगावराजा रस्त्यावर, एका जुन्या बियाणे शीतगृहात उभा केला आहे. पोलादी आहे, पत्रा इथल्याच मिलमधला. अंतराळात जाणाऱ्या माणसांना बंद जागेत आठवडेच्या आठवडे काढावे लागतात. ते जमिनीवर आधी तपासायचं, हे आमचं काम. मुक्काम एकवीस दिवसांचा. हवेची जबाबदारी माझी. ऑक्सिजनचे सिलिंडर आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे चुन्याचे डबे. यंत्रणा साधी आहे आणि म्हणून मला आवडली.

शनिवार, १ नोव्हेंबर

चौथ्या उमेदवाराला डेंग्यू झाला. प्रकल्पप्रमुख भार्गवी मॅडमनी तिघांनाच आत पाठवायचं ठरवलं. साठाही तिघांपुरता ठेवला, वर तीन दिवसांची शिल्लक.

चहाच्या वेळी अर्पिता म्हणाली की तिच्या घरी तिघांचं जाणं कोणाला पसंत पडणार न्हाई. ती इथलीच, मस्तगडची. बियाण्यांवर काम करते. ऋषीने लगेच दोन दाखले दिले. १९६७ साली जमिनीवरच्या चाचणीत यानात आग लागून तिघे गेले. दार आत उघडणारं होतं आणि आतल्या दाबामुळे उघडता आलं नाही. १९७१ साली परतीच्या वाटेवर एक झडप उघडली आणि तिघे गेले. जागा अपुरी म्हणून त्यांनी अंतराळपोशाख घातले नव्हते. यान नीट उतरलं होतं. बाहेरच्यांनी टकटक केली, आतून उत्तर आलं नाही. मी म्हटलं की सात-सात जणही गेलेत, दोनदा, आणि एकटाही गेला आहे. आकड्याचा संबंध नाही.

आमचंही दार आत उघडतं. आतला दाब जास्त असेपर्यंत ते ओढता येत नाही आणि दाब उतरवायचं चाक बाहेर आहे. हे मी लेखी कळवलं. पुढच्या कक्षात बदलू, असं उत्तर मिळालं.

सोमवार, ३ नोव्हेंबर

आत आलो. निरोपाला अर्पिताची आत्या गोजरबाई आल्या होत्या. आम्हाला मोजून त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. "तिघं निघून राह्यले व्हय? बिलकुल न्हाई. चौथा खडा घ्या, मंग जा." अर्पिता म्हणाली, "आत्या, आत जागा न्हाई." त्यावर, "त्याला कितीक जागा लागती? आन् मोजताना त्याला धरूनच मोजजा." शेताच्या बांधावरचा काळा खडा त्यांनी अर्पिताच्या हातात दाबला. भार्गवी मॅडम हसल्या. मीही हरकत घेतली नाही.

संगणकाची यादी चौघांसाठी बनवलेली आहे, चौथं नाव रिकामं सोडलं तर यंत्रणा सुरू होत नाही. ऋषीने तिथे 'खडेराव' लिहिलं. खडा जेवणाच्या टेबलावरच्या फळीवर ठेवला. रात्री त्याच्यासाठी ताट मांडलं. अर्पिता म्हणाली, खडेरावांना तिखट चालत न्हाई दिसतं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

ऑक्सिजन अपेक्षेपेक्षा जास्त लागतो आहे. संगणक 'प्रमाण योग्य' दाखवतो, कारण त्याच्या यादीत चौघे आहेत. म्हणून सिलिंडरवरचा काट्याचा मापक पाहिला. त्याला यादी माहीत नाही. तोही चौघांचा खप दाखवतो.

रविवार, ९ नोव्हेंबर

गळती तपासली. दाब स्थिर आहे. गळती असती तरी फक्त ऑक्सिजन गेला असता. पण चुन्याचे डबेही त्याच वेगाने संपत आहेत. चुना श्वासानेच संपतो. दुसऱ्या कशाने नाही.

ऋषीला सांगितलं. त्याने आम्हा तिघांची तपासणी केली. आमचे श्वास सामान्य आहेत.

बुधवार, १२ नोव्हेंबर

या वेगाने साठा २१ तारखेला, शुक्रवारी संपेल. मुक्काम २४ पर्यंत आहे. बाहेर कळवलं. उत्तर आलं की साठा पुरेसा दिसतो.

डबे उशिरा बदलायचं ठरवलं. त्याने डोकं दुखेल, विचार मंदावतील. हे अपेक्षित आहे.

अर्पिताने खडा हातात घेतला आणि खाली ठेवला. कोमट आहे म्हणाली. मी तापमापक लावला. ३६.८ अंश सेल्सियस, माणसाच्या अंगाइतका.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

अर्पिताने खडा कचऱ्याच्या खिडकीतून, म्हणजे कचरा बाहेर द्यायच्या वीतभर दुहेरी झडपेतून, बाहेर पाठवला. दुपारी बाहेरून विचारणा आली, दगड कशाला पाठवला? संध्याकाळपर्यंत मापकावरचा खपाचा वेग बदलला नाही.

ताट मांडणं बंद केलं आहे. यादीतलं नाव आतून पुसता येत नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

पहिलं मत. नियम असा की सगळ्यांनी 'होय' म्हटलं तरच दार लवकर उघडतं. प्रत्येक झोपण्याच्या खणात बटण आहे. आम्ही तिघांनी दाबलं. पडद्यावर आलं: तीन होय, एक नाही.

'नाही' चौथ्या खणातून. तो खण रिकामा आहे. गादीही नाही.

भार्गवी मॅडमना लिहिलं की आत तिघेच आहेत, त्यांनी स्वतः मोजले होते. उत्तर: "जान्हवी, आराम कर. आत्ताच कॅमेऱ्यात पाहिलं, चौघंही जेवून राह्यलेत."

आम्ही तेव्हा जेवतच होतो. अर्पिताने विचारलं, कोणत्या बाजूला बसलाय ते विचार. मी विचारलं नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

डोकेदुखी. तिघांनाही. भीती फारशी वाटत नाही, हे नोंदवते. तो कार्बन डायऑक्साइडचा परिणाम असावा.

सकाळी मी पाठवलेल्या संदेशाखाली आणखी एक ओळ होती. 'वरचं सोडून द्या. सगळं बराबर आहे.' आमच्यापैकी कोणी लिहिलेली नाही. ऋषीने आईची शपथ घेतली. तो आता चेष्टा करत नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

दुसरं मत. ऋषी चौथ्या खणात जाऊन आडवा झाला, तिथलं 'होय' त्याने स्वतः दाबलं. त्याचा खण रिकामा ठेवला.

तीन होय. एक नाही.

'नाही' या वेळी ऋषीच्या खणातून.

तो अजून चौथ्या खणातच आहे. म्हणतो, माझी जागा गेली. अर्पिता दाराशी बसते, दार ओढते, थांबते, पुन्हा ओढते.

बुधवार, १९ नोव्हेंबर

शेवटचा डबा लावला.

अक्षर नीट येत नाही. मोजणी पुन्हा केली — अर्पिता, ऋषी, मी. पुन्हा केली. अर्पिता, ऋषी, मी, आणि थांबता येईना. ओठ पुढे जातात —

ऋषी हाक मारली की ओ देतो. एक हाक, दोन ओ. अर्पिताने ऐकलं.

शुक्रवारी हवा संपेल. तिघांची. त्याची संपेल का, ते —

ही पानं कचऱ्याच्या खिडकीतून पाठवते.

मॅडम, लाल चाक तुमच्या बाजूला आहे. ते फिरवा. दाब उतरला की दार आम्ही ओढू. संमती विचारू नका.

उद्या, गुरुवारी, २० तारखेला, संध्याकाळी सहापर्यंत उत्तर द्या. कागदावर द्या. पडद्यावर नको. पडद्यावरचं आमच्या आधी —