काळ्या बिअरला पन्नासपैकी सेहेचाळीस

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.
पुण्याहून लक्झरीने खोकं आलं. आत हिरव्या काचेच्या सहा बाटल्या, भुशात खोचलेल्या. भाग्येशने पाठवल्या. इंजिनिअरची नोकरी सोडून मित्राबरोबर बिअर बनवायला लागल्यापासून तीन वर्षं चिरंजीव फोनवर फक्त 'हां' आणि 'बरं' एवढंच बोलत होते. आता चिठ्ठी आहे. काळी बिअर. प्रकार ब्लॅक आयपीए. भरपूर हॉप्स घातलेत. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, सगळा वास त्यांचा. टाकी तयार आहे. पार्टनर म्हणतो वासात काहीतरी गडबड आहे, याला वाटतं नाही. पुण्यात जो तो छान छान म्हणतो. म्हणून शेवटचा शब्द आप्पांचा, म्हणजे माझा. आप्पा पास म्हणाले तर सगळी टाकी बाटल्यांत भरणार, नापास म्हणाले तर गटारात ओतणार.

बरोबरच आहे. नंदुरबारच्या मिरची बाजारात बन्सीलालच्या नाकापुढे कोणाचं नाक आहे? एकतीस वर्षं पारख करतोय. सेठ माझ्या शब्दावर गाड्या भरतो.

सोबत गुणांचा कागद. रंग, फेस, वास, चव, एकंदर. प्रत्येकी दहा.

संकल्प: निकाल लागेपर्यंत ठेचा बंद. जीभ स्वच्छ हवी.

दुपारी १.
वांग्याचं भरीत होतं. ठेच्याशिवाय भरीत म्हणजे अन्नाचा अपमान. थोडाच घेतला. भरीत गरम होतं.

१० फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ६.
पहिली बाटली उघडली. आमच्या सौ. मंगलाने काचेचा ग्लास द्यायला नकार दिला. म्हणाली, पाव्हणास्ना गिलास शेत. शेवटी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ओतली. तज्ज्ञांनाही रुंद भांडंच लागतं म्हणे.

रंग: काळा. ९. फेस: बदामी, दोन बोटं, टिकाऊ. ९.
वास: आज नाक जरा बंद आहे. हवामान. उद्या.
चव: कडू, थंड.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मंगलाचा आरडाओरडा. दूध उतू जाऊन करपलं होतं. मी तिथेच, शेगडीपासून चार हातांवर बरणी धरून बसलेलो. म्हणाली, घरभर वास पसरना, तुमले कळनं नही? मी म्हटलं, मी एकाग्र होतो. एका वेळी एकच वास घ्यायचा, हा पारखीचा नियम आहे. ती पातेलं घासत बसली.

११ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७.
नाक अजून बंद. विचार केला तेव्हा लक्षात आलं, दोष नाकात नाही, मालात आहे. माल कच्चा आहे. ओली मिरची पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मैदानात, चार दिवस ऊन खाते तेव्हा कुठे बोलायला लागते. वेलीची फुलं आहेत, त्यांनाही ऊन हवंच. पुण्यातल्या पोरांनी सगळं फ्रिजमध्ये बनवलं, मग वासात गडबड होणार नाही तर काय? पार्टनरचं कोडं मी एका सकाळीत सोडवलं.

एक बाटली नमुना म्हणून फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या मागे ठेवली. चार पिशवीत घालून कामावर नेल्या आणि पथारीच्या कडेला लाल मिरचीवर आडव्या मांडल्या. सेठने विचारलं. खोकल्याचं औषध म्हटलं.

दुपारी बाटल्या उलटवल्या. सगळीकडून सारखं ऊन लागलं पाहिजे.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
बाटल्या उलटवल्या. नऊ ढीग पारखले.

माझी पद्धत इथे लिहून ठेवतो, ही वही कोणी वाचत नाही म्हणून. मी मिरची मोडून नाकाशी धरतो, पण लक्ष ठेवतो जेठ्यावर. जेठ्या आमचा जुना हमाल, नवापूरकडच्या डोंगरातला, ढीग उपसायला नेहमी माझ्या मागेच असतो. जेठ्या तीनदा शिंकला तर तेज. दोनदा शिंकला तर मध्यम. नाहीच शिंकला तर माल फटकी, रंग उडालेला. दोन वर्षांत एकदाही चुकलो नाही. जेठ्याला याचा पत्ताही नाही. याला म्हणतात अनुभव.

चहा गरम होता.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ५.
दोन दिवस ऊन खाल्लेली बाटली उघडली. माल कोमट. नाकाशी पाच मिनिटं धरली. काही विशेष नाही. नाक बंद.

अभ्यासासाठी मोबाइलवर अशा बिअरचं वर्णन शोधलं. त्यात लिहिलंय: पाइन, ग्रेपफ्रूट, भाजलेली कॉफी. पाइन मी पाहिलेला नाही, पण डोंगराकडचं झाड आहे, म्हणजे वास चांगलाच असणार. ग्रेपफ्रूट म्हणजे पपनसाचा नातेवाईक. कॉफी एकदा सुरतला प्यायलो होतो. तिन्ही लिहिले. वास: ९.

ठेचा घेतला. आता वासाचे गुण देऊन झालेत, हरकत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ५.३०.
दुसरं मत असावं म्हणून जेठ्याला बोलावलं. पोत्यांच्या मागे बसलो. बाटली उघडून त्याच्या स्टीलच्या पेल्यात ओतली. त्याच्या लोकांत पिण्याआधी चार थेंब जमिनीवर सोडतात, देवाला आणि पूर्वजांना. त्याने सोडले. मग पेला तोंडाजवळ नेला. थांबला. माझ्याकडे बघितलं. आणि उरलेली सगळीच हळूहळू जमिनीवर ओतली.

म्हणाला, आप्पा, हाई देवलेच ऱ्हाऊ द्या.

वीस वर्षांत त्याने देवाला अख्खा पेला दिलेला मी पाहिला नाही. शिंकला मात्र नाही. बिअरला शिंकत नसतात. चव: ९, आणि जेठ्याच्या भक्तीबद्दल एकंदर १०.

एकूण सेहेचाळीस.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.
भाग्येशला फोन केला. गुण वाचून दाखवले. पाइनचा भाग सावकाश वाचला. मग त्याने विचारलं, आप्पा, खरं सांगा, वास बराबर शे ना? मी म्हटलं, माझ्या नाकावर विश्वास नाही का तुझा? म्हणाला, तुमच्याच नाकावर आहे, म्हणून तर पाठवली. टाकी शुक्रवारी भरतो. त्याआधी बुधवारी घरी येतो, तुमच्यासोबत एक ग्लास घेतो.

तीन वर्षांनी घरी येतोय. मला आनंद झाला असावा. मंगला पदराने डोळे पुसत होती, मी टीव्हीवर बातम्या बघत होतो. कोणत्या, आठवत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी ३.
भाग्येश सकाळी आला. बारीक झालाय. पाया पडला. उन्हातल्या दोन बाटल्या उरल्या होत्या, मोठ्या थाटात पुढे ठेवल्या. आज मंगलाने ग्लास न मागता काढले.

त्याने दोन्ही उघडल्या, एक ग्लासात ओतून नाकाशी नेली आणि ग्लास लांब धरला. विचारलं, आप्पा, ह्या बाटल्या कोठे ठेयेल व्हत्यात? मी सगळी पद्धत समजावून सांगितली. पथारी, ऊन, उलटवणं.

तो म्हणाला, हॉप्सच्या बिअरला ऊन दाखवायचं नसतं, हिरव्या काचेत तर मुळीच नाही. तासाभरात घाण वास सुटतो. या तर कितीतरी दिवस उन्हात आहेत, अख्ख्या खोलीत जळलेल्या रबराचा वास येतोय. मग आवाज खाली आणून म्हणाला, तुम्ही याला नऊ दिले.

मी म्हटलं, हवामानामुळे नाक बंद आहे.

त्याने आईकडे बघितलं. कधीपासून, म्हणून विचारलं. मंगला म्हणाली, दोन वरीस व्हई ग्यात. त्या तापपाईन. दोन वर्षांपूर्वी तापाने आठवडाभर पडलो होतो, तेव्हापासून म्हणे. तिला माहीत होतं. दूध करपलं त्या दिवशी नव्हे, पहिल्या दिवसापासून. मी म्हटलं, मग बाजारात मी एकदाही चुकलो कसा नाही? नाक नसतं तर सेठने कधीच घरी बसवलं असतं.

ती म्हणाली, आवं, जेठ्या माल वळखीसन तुमनाकरता शिंकस. त्याले मिरचीनी शिंक येत नही, वीस वरीस पथारीवर काढात त्यानी. माले त्यानीच सांगं.

ग्लासातला फेस बसला होता. भाग्येशने ग्लास उचलून मोरीत ओतला. नळ बराच वेळ सोडून ठेवला.

मला वाईट वाटायला हवं होतं. मी दोन्ही बाटल्यांची बुचं परत लावायचा प्रयत्न करत होतो. ती एकदा उघडली की लागत नाहीत.

२० फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ८.
भाग्येशने कोथिंबिरीमागची नमुन्याची बाटली काढली. दोन ग्लास भरले. एक स्वतः हुंगला, बराच वेळ. दुसरा माझ्यापुढे ठेवला, शेजारी कोरा कागद आणि पेन. म्हणाला, आप्पा, जे शे तेच लिखा.

रंग: काळा. ९.
फेस: चांगला. दिसतो. ९.
वास: येत नाही. गुण देता येत नाहीत.
चव: कडू, थंड. एवढंच कळतं.
एकंदर: टाकीचं तुझं तू ठरव.

त्याने वाचून घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. म्हणाला, पार्टनर खरं बोलत होता, वास बिघडलाच आहे. मलाही कळत होतं. टाकी ओतून देतो. मग म्हणाला, पुण्याला नाकाचे डॉक्टर आहेत, पुढच्या महिन्यात या. मी 'हां' म्हटलं. मग 'बरं' म्हटलं.

सकाळी ११.
पथारीवर गेलो. पहिला ढीग. ठरवून गेलो होतो की सेठला सगळं खरं सांगायचं. सेठ वही उघडून उभाच होता. मिरची मोडली, नाकाशी धरली. मागे जेठ्या तीनदा शिंकला.

मी वळून बघितलं नाही. सेठला म्हटलं, तेज, लिहा.