हलिमाचं होकायंत्र

१५ फेब्रुवारी १९८६

प्रिय हलिमा,

तुला खूप खूप दुवा. तुझं पत्र सोमवारी मिळालं. चार वेळा वाचलं आणि चारही वेळा तुझ्यावर रागावलो. मग हा राग खरं तर कुणावर यायला हवा, ते ध्यानात आलं. रत्नागिरीच्या त्या अध्यापक विद्यालयात सरांचं फळ्यावरचं गणित चुकलं, तू हात वर करून सांगितलंस, आणि सरांनी तुला तासभर बाहेर उभं केलं. वर तू मलाच लिहितेस की चूक तुझीच, शिकवणाऱ्यापुढे बोलू नये हा अदब, उस्ताद, तुम्हीच शिकवला होतात, आता शिक्षिका होणं नको, महिनाअखेरीस घरी येते. शाब्बास! इतकी वर्षं मशिदीच्या पडवीत घसा कोरडा करून मी हेच कमावलं म्हणायचं.

माझ्या उस्तादांबद्दल तुला फारसं कधी सांगितलं नाही. ते म्हणत, पाठ केलेलं नुसतं जिभेवर राहतं, वागण्यात उतरलं तरच तो इल्म, खरं ज्ञान. आणि अदब म्हणजे प्रत्येक गोष्टीला तिचा हक्क देणं. उस्तादाला त्याचा मान द्यायचा, पण खऱ्याला खऱ्याचा मान आधी. एकदा भर वर्गात मी त्यांना कुराणातल्या एका आयतेचा अर्थ विचारला. त्यांनी सरळ सांगितलं की मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी उन्हातून पालीपर्यंत चालत गेले, तिथल्या एका जाणत्या माणसाला विचारून आले, आणि त्याचं नाव घेऊन आम्हाला अर्थ सांगितला. तेव्हा त्यांची दाढी पांढरीशुभ्र झालेली होती. एवढा मोठा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आणि त्यांचा हा शिष्य बघ. तू नऊ वर्षांची होतीस. तुझे बाबा तेव्हा जहाजावर सुकाणी, त्यांनी तुला छोटं होकायंत्र आणून दिलं होतं. ते तू पडवीच्या कोब्यावर ठेवलंस आणि सगळ्या मुलांदेखत म्हणालीस, "उस्ताद, आपण नमाजाला सरळ मावळतीला तोंड करतो, पण बाबांच्या नकाशात मक्का थोडी उत्तरेला आहे." मी तुझ्या हातावर छडी मारली. वाडवडिलांनी नमाजासाठी कोब्यावर आखलेल्या रेघा नऊ वर्षांची पोर चुकीच्या ठरवते, म्हणून होकायंत्रही काढून घेतलं.

मन मात्र खात राहिलं. चार दिवसांनी होकायंत्र खिशात घालून राजिवड्याच्या एका म्हाताऱ्या तांडेलाकडे गेलो, जन्मभर गलबतं हाकलेला माणूस. त्यांनी नकाशा उलगडला. तुझंच बरोबर होतं. भिकाजी गवंड्याला बोलावून नमाजाच्या रेघा नव्याने आखून घेतल्या. दोरी धरता धरता तो म्हणाला, "उस्तादांनी बरं शोधून काढलं हां!" सगळा गावही तेच म्हणाला. आणि मी गप्प बसलो. तुला होकायंत्र परत केलं असतं तर सगळं उघड झालं असतं, म्हणून तेही दहा वर्षं कपाटात ठेवलं. तू कधी मागितलं नाहीस, कुणाला काही बोललीही नाहीस. त्या गप्प राहण्याला मी तुझा अदब समजत होतो. परवा तुझं पत्र वाचताना कळलं की ती माझ्या छडीची भीती होती.

काल जुम्म्याच्या नमाजानंतर मी लोकांना थांबवून घेतलं आणि पायाखालच्या रेघा कुणाच्या, ते सांगितलं. छडीचंही सांगितलं. मग तुझे बाबा उठले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं, पोरी. सोबतच्या डबीत तुझं होकायंत्र आहे. मला माफ कर. घरी येऊ नकोस, वर्गात जा, आणि गणित पुन्हा चुकलं तर पुन्हा हात वर कर. आवाज तेवढा खाली ठेव.

तुझाच, तुझ्याकडून उशिरा शिकलेला,
शरफुद्दीन होडेकर